जोडीदाराचं अंग उसनं असतं: वाचकांचे प्रश्न, कराटेच्या वर्गातून

जून म्हणजे नव्या प्रवेशांचा महिना. घोडबंदर रोडवरच्या गृहसंकुलांच्या फाटकांवर आणि वाशी-नेरुळच्या सेक्टरांमधल्या विजेच्या खांबांवर कराटे, ज्युदो, तायक्वांदोच्या वर्गांचे फलक लागतात आणि माझ्याकडे पत्रं यायला लागतात. मी नौपाड्यात एका शाळेच्या सभागृहात संध्याकाळी शोतोकान या शैलीच्या कराटेचा वर्ग घेते. कॉलेजात असताना ज्युदोही केलं. आजोबा कराडजवळच्या गावातल्या तालमीत वाढलेले, त्यामुळे लाल मातीच्या गोष्टी लहानपणापासून कानावर होत्या. या वेळी जरा वेगवेगळ्या वळणांची पत्रं निवडली आहेत.

*

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. वर्षभर कराटेला जातोय आणि अजून यलो बेल्टवरच आहे. आमच्याच इमारतीतला त्याचा मित्र दुसऱ्या वर्गात जातो, त्याला ब्राऊन बेल्ट मिळाला. तिथले सर दोन वर्षांत ब्लॅक बेल्टची खात्री देतात. आमचा वर्ग मागे पडलाय का? बदलू का?
— एक वडील, घोडबंदर रोड

बदलू नका. निदान या कारणासाठी तरी नकोच.

हे रंगीत पट्टे शेकडो वर्षांच्या परंपरेतून आले असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोतल्या एका बौद्ध मंदिराच्या जागेत कोदोकान ही आपली शाळा सुरू केली आणि ज्युदो शिकवायला घेतलं, तेव्हा कुणाच्याही कमरेला दर्जा दाखवणारा रंग नव्हता. पुढच्या वर्षी त्यांनी आपल्या दोन शिष्यांना पहिली श्रेणी दिली. काळा पट्टा त्यानंतर काही वर्षांनी आला. शोतोकान कराटेचे जनक गिचिन फुनाकोशी यांनी ही श्रेणींची पद्धत ज्युदोकडून कराटेत आणली ती १९२४ साली. पिवळा, केशरी, हिरवा हे मधले रंग तर युरोपात ज्युदो शिकवताना रूढ झाले. शिकणाऱ्याला आपण कुठवर आलो हे दिसावं, हुरूप यावा, एवढाच त्यामागचा विचार. तो चांगलाच होता. माझ्याही वर्गात ग्रेडिंग, म्हणजे पट्ट्याची परीक्षा, होतं, मुलं त्या दिवशी जेवताना घास मोजून खातात, आणि नवा पट्टा बांधल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं ते मला मनापासून आवडतं.

पण दोन वर्षांत काळ्या पट्ट्याची खात्री देणारा माणूस कशाची खात्री देतोय? आठवड्यातून तीन दिवस न चुकता येणाऱ्या मोठ्या माणसालाही माझ्याकडे चार-पाच वर्षं लागतात. मुलांचं तर शरीरच दर काही महिन्यांनी बदलतं. उंची वाढते, पावलाचा अंदाज चुकतो, दिवाळीआधी सहज जमणारी लाथ होळीपर्यंत बिघडलेली असते. ती पुन्हा बसवावी लागते. यात वेळ जातो आणि तो जायलाच हवा. दर दोन-तीन महिन्यांनी ग्रेडिंग होत असेल, तर प्रत्येक परीक्षेची फी किती, नापास कुणी होतं का, हे दोन प्रश्न त्या सरांना विचारायला सांगा. नापास कुणीच होत नसेल तर तिथे परीक्षाही होत नाही.

दहावीच्या क्रीडागुणांसाठी पट्टा हवा असं डोक्यात असेल तर तेही सांगून टाकते. ते गुण पट्ट्यावर मिळत नाहीत. शासनाने मान्य केलेल्या खेळाच्या स्पर्धांमधला सहभाग आणि यश तिथे धरलं जातं.

मग वर्ग चांगला आहे हे कशावरून ओळखायचं? एक दिवस फोन खिशात ठेवून कडेला बसा आणि जोडीकाम बघा. शोतोकानमध्ये सुरुवातीचं कुमिते, म्हणजे जोडीतली लढत, कसं असतं माहीत आहे? मारणारा आधी मोठ्याने सांगतो, मी कुठे मारणार आहे. 'जोदान' म्हणजे तोंडावर, 'चुदान' म्हणजे छाती-पोटावर. सांगून, तयार होऊन, मग एक पाऊल पुढे येऊन ठोसा. समोरच्याने अडवला नाही तर तो ठोसा कातडीच्या अलीकडे थांबला पाहिजे. तुमचा मुलगा तो थांबवतो का बघा. जोडीदार त्याच्यापेक्षा बुटका असला तर ठोशाची उंची बदलतो का? समोरचा घसरून पडला तर हात देतो का, की सरांकडे बघून हसतो?

माझ्या वर्गात पहिल्याच दिवशी मी एक गोष्ट सांगते. समोरचा जोडीदार आपलं अंग तुम्हाला शिकायला उसनं देतो. उसनं आणलेलं जसं होतं तसं परत करायचं. त्याच्या नाकाशिवाय, त्याच्या बरगड्यांशिवाय तुम्ही भिंतीशी किती काळ शिकणार? आदर, संयम, नम्रता हे शब्द प्रत्येक वर्गाच्या फलकावर लिहिलेले असतात. ते मुलांच्या अंगात उतरतात ते त्या दोन फुटांच्या अंतरात, रोज, दुसऱ्याच्या नाकासमोर मूठ थांबवताना. तुमच्या मुलाच्या मुठीत हे आलेलं दिसलं तर तो मागे नाही. आणि त्याच्या मित्राच्या मुठीत नसेल तर ब्राऊन बेल्टने ते येणार नाही.

*

माझी मुलगी सहावीत आहे, दोन वर्षं कराटे शिकते. शाळेतला एक मुलगा रोज तिची वेणी ओढायचा. मागच्या आठवड्यात तिने त्याच्या तोंडावर ठोसा मारला, त्याचा ओठ फुटला. शाळेने आम्हालाच बोलावून घेतलं. मिस्टर म्हणतात, क्लास बंद कर, मुलगी हाताबाहेर चाललीय. सासूबाई म्हणतात, बरं केलं. मला दोघांचंही पूर्ण पटत नाही.
— एक आई, कळवा

तुम्हाला दोघांचंही पटत नाही, हेच बरोबर आहे.

आधी मुलीला शेजारी बसवून एकच विचारा, न रागावता: ठोसा मारला तेव्हा वेणी त्याच्या हातात होती का? की त्याने सोडली होती, तो वळून चालला होता, आणि मग मारला? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाळेने बहुतेक हा प्रश्न विचारलाच नसेल.

फुनाकोशींनी शिष्यांसाठी वीस सूत्रं लिहून ठेवली. त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध सूत्र कामाकुरातल्या एंगाकुजी मंदिरात त्यांच्या स्मारकशिळेवर कोरलेलं आहे: कराटेत पहिला वार आपला नसतो. तुमच्या मुलीने शिकलेला हेयान शोदान हा पहिला काता, म्हणजे एकट्याने करायची ठरलेल्या हालचालींची मालिका, आठवा. तो डावीकडे वळून, येणारा हल्ला खाली अडवण्याने सुरू होतो. मुलं हे शेकडो वेळा करतात, पण 'का' हे त्यांना कुणी सांगत नाही, म्हणून ती नुसती कवायत राहते.

या सूत्राचा अर्थ सोसत राहा असा मात्र कुणी लावू नये. मुलींच्या बाबतीत तर आपल्या घरांमधून तो अर्थ फार लवकर लावला जातो. पहिला वार रोज त्या मुलाकडून होत होता. तिने रोखणं हा तिचा हक्कच आहे. आपल्या कायद्यातही हेच तत्त्व आहे. भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांमध्ये स्वसंरक्षणाचा हक्क दिला आहे, आणि ३७व्या कलमात त्याची मर्यादाही आहे: बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. वेणी हातात असताना त्याला ढकलणं, हात झटकणं, हा बचाव. वेणी सुटल्यावर ओठ फोडणं ही फेड. मुलीला हा फरक समजतो. सहावीतल्या मुलांना न्यायाची फार बारीक जाण असते, आपण मोठेच ती बोथट करतो.

तिला घरी एक करून दाखवा. तुम्ही तिची वेणी धरा, हळू. तिने दोन्ही हातांनी तुमची मूठ स्वतःच्या डोक्यावरच दाबून धरायची, म्हणजे ओढलं तरी केसांना हिसका बसत नाही. मग दूर न पळता उलट तुमच्याकडे एक पाऊल आत यायचं आणि पोटातून ओरडायचं, "सोड!" आवाज वर्गभर गेला पाहिजे. निम्मी मुलं या आवाजालाच हात सोडतात, आणि बाईंना वेगळं काही सांगावं लागत नाही. हे तुम्ही दोघींनी आठवडाभर रोज पाच मिनिटं करा. मिस्टरांनाही एकदा वेणी धरू द्या. त्यांनी तिचा तो आवाज ऐकायला हवा.

शाळेत पुन्हा जा, पण या वेळी लेखी घेऊन. आमच्या मुलीने मर्यादा ओलांडली, तिने फुटलेल्या ओठाबद्दल माफी मागितली आहे, हे लिहा. वेणी ओढण्याची तक्रार किती दिवस होती, वर्गशिक्षकांना कधी सांगितली, त्यावर काय केलं, हेही त्याच कागदावर विचारा. तिने माफी मागायची ती ओठाची. रोखल्याची नाही. आणि त्या मुलाकडूनही वेणीची माफी यायला हवी.

वर्ग बंद करू नका. ठोसा थांबवायला ती कुठे शिकणार? त्यासाठी दुसरी जागाच नाही. तिच्या सरांना मात्र घडलेलं सगळं सांगा. माझ्याकडे असं झालं तर मी शिक्षा करत नाही, त्या मुलीला काही आठवडे सगळ्यात लहान मुलांची जोडीदार करते. सात वर्षांच्या पोराचे वेडेवाकडे ठोसे अंगावर घेत, त्याला लागू न देता, त्याला शिकवायचं. फार अवघड काम आहे ते. त्यातून परत आलेल्या मुलीचा हात वेगळा असतो.

*

आम्ही मुसलमान आहोत, घरी कोकणी-मराठी बोलतो. मुलाच्या कराटे वर्गात सुरुवातीला भिंतीवरच्या जपानी गुरूंच्या तसबिरीपुढे वाकायला लावतात. आमच्यात अल्लाशिवाय कुणापुढे झुकत नाहीत. मुलाला वर्ग आवडतो. सरांना कसं सांगू?
— एक आई, मुंब्रा

जसं मला लिहिलंत तसंच सांगा. ते वाकणं पूजा नाही, जपानी माणसं दुकानातही तसंच वाकून नमस्कार करतात, हे खरं आहे. पण ते खरं असलं तरी तुमच्या मनातली गोष्ट त्याने लहान होत नाही. माझ्या वर्गात अशी मुलं तसबिरीच्या वेळी ताठ उभी राहतात, कुणी हात छातीवर ठेवतं, आणि कुणी मागे वळून बघत नाही. जोडीदाराला मान देणं मात्र कुणालाही चुकत नाही. वाकायचं नसेल तर त्याच्या डोळ्यांत बघून, हात छातीवर ठेवून, मान किंचित हलवून दिला तरी तो पोचतो. सर चांगले असतील तर एका मिनिटात मान्य करतील. नाही केलं तर मुंब्रा-कळवा-ठाण्यात वर्गांना तोटा नाही.

*

नातवंडं कराटेला जातात, 'ओस' म्हणतात, जपानी आकडे मोजतात. आपल्याकडे लाठी, दांडपट्टा, मल्लखांब, कुस्ती असताना हे परकं कशाला? आपले संस्कार आपल्या मातीतून यावेत असं तुम्हाला वाटत नाही का?
— एक आजोबा, नौपाडा

आजोबा, तुमच्या पत्रातली कळ मला कळते. दांडपट्टा २०२४ साली महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला तेव्हा मलाही फार आनंद झाला. आणि तरी त्याच आठवड्यात मी मुलांकडून 'इची, नी, सान' म्हणवून घेत होते. मला या दोन्हींत भांडण दिसत नाही. का ते सांगते.

माझे आजोबा तालमीतल्या हौदाबद्दल बोलायचे तेव्हा डावांबद्दल कमी आणि कामांबद्दल जास्त बोलायचे. पहाटे उठून माती कुदळीने उकरायची, त्यात तेल, ताक, हळद, लिंबाचा रस मिसळायचा, ढेकूळ राहिलं तर जोडीदाराच्या पाठीत रुतेल म्हणून हाताने फोडायचं. मातीला हात लावून कपाळाला लावल्याशिवाय हौदात पाय नाही. सलामी देऊन झोंबी. जिंकणाऱ्याने हरणाऱ्याच्या पाठीवरची माती झटकायची. वस्ताद बोलला की बोलला. माझ्या वर्गात शिकवणी संपली की मुलं रांगेत बसतात, गुरूला आणि एकमेकांना नमस्कार करतात, आणि मग मोठ्या पट्ट्याची मुलं ओल्या फडक्याने फरशी पुसतात. हे बघायला आजोबा असते तर त्यांना काही परकं वाटलं नसतं, याची मला खात्री आहे.

आपल्या परंपरेत खूप काही आहे आणि ते नुसतं भगवे फेटे बांधून मिरवणुकीत फिरवण्यापुरतं नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवं रूप दिलं, आणि आज तो खेलो इंडियाच्या युवा स्पर्धांपर्यंत पोचला आहे. पुण्यात लहुजी वस्ताद साळव्यांची तालीम होती. लहुजी मातंग समाजातले, आणि जोतीराव फुले त्यांच्याकडे दांडपट्टा, लाठी शिकायला जात. त्या काळच्या पुण्यात एक मुलगा एका मातंग वस्तादाच्या पायाला हात लावून शस्त्र शिकतो, ही आपली परंपरा आहे. मला तिचा अभिमान आहे, आणि आपल्या व्याख्यानांमध्ये ती मला पुरेशी ऐकू येत नाही. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आमच्या घरात त्यांचं नाव देवघरातल्या नावांसारखं घेतलं जायचं.

पण परंपरेतलं सगळंच सांभाळायचं नसतं. माझ्या आजीने तो हौद कधी आतून पाहिला नाही. आईनेही नाही. बायकांची सावली नको, असं तेव्हा सरळ बोललं जायचं. मी कराटेकडे वळले कारण ठाण्यात मला पहिलं दार उघडं दिसलं ते तिथे. आज कुस्तीचंही दार उघडलं आहे. साक्षी मलिकने २०१६ साली रिओत पदक घेतलं, २०२३ साली सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने पहिली महिला महाराष्ट्र केसरी होऊन गदा उचलली. ती गदा टीव्हीवर बघताना माझी आई रडली.

तेव्हा नातवंडांचं कराटे चालू राहू द्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांना लाठीकाठीच्या शिबिरातही घाला. फिरती लाठी शेजारच्याला न लावता फिरवायची असते, तिथेही धडा जोडीदाराचाच आहे. आणि तुम्हाला स्वतःला जोर-बैठका येत असतील तर रोज सकाळी त्यांच्यासोबत काढा. सपाट्या जोर नीट काढणारा ब्लॅक बेल्ट मी क्वचित पाहिला आहे.

*

मी अकरावीत आहे. आमचे सर चुकलं की छडीने पोटऱ्यांवर मारतात. एकदा सगळ्या मुलींसमोर मला कोंबडा केलं. म्हणतात, ही गुरुशिष्य परंपरा आहे, सहन करशील तर घडशील. घरी सांगितलं तर जिल्हा स्पर्धेच्या टीममधून काढीन म्हणाले. मला कराटे सोडायचं नाही.
— एक विद्यार्थी, ऐरोली

बाळा, कराटे सोडू नकोस. सरांना सोड.

कठोर शिकवणं काय असतं ते मला माहीत आहे. शंभर जोर, अर्धा तास किबादाचीत, म्हणजे पाय फाकवून गुडघे वाकवलेल्या पवित्र्यात, मांड्या थरथरेपर्यंत उभं राहणं, तोच काता पुन्हा पुन्हा. यात अंग दुखतं, रडूही येतं. पण त्या दुखण्यातून तू काही शिकतोस, आणि सर तिथे तुझ्यासोबत उभे असतात, तुझा गुडघा आत पडत नाही ना हे बघत. छडीने पोटरीवर वळ उठला की तुझा कोणता काता सुधारतो? मुलींसमोर कोंबडा झाल्यावर तुझी कोणती लाथ वर जाते? मी पट्टीच्या टोकाने कोपर कुठे हवं ते दाखवते. ती पट्टी अंगावर वाजली तर मी शिकवत नाही, राग काढते.

जोडीदाराच्या अंगाला इजा करायची नाही हा नियम सगळ्यांत आधी शिकवणाऱ्याला लागू आहे. तूही तुझं अंग त्यांना विश्वासाने दिलं आहेस.

आणि तुझ्या पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट छडी नाही. 'घरी सांगू नकोस' ही आहे. हे वाक्य जो मोठा माणूस लहानाला म्हणतो, त्याच्यापासून लांब जायचं, तो कोणीही असो, कितीही पदकं जिंकलेला असो. शाळेत मुलांना मारायला २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. खासगी वर्ग ही शाळा नाही असं कुणी म्हणेल. पण तू अठराच्या आतला आहेस, आणि ज्याच्या ताब्यात मूल सोपवलेलं आहे त्याने त्याला मारहाण करणं हा २०१५च्या बाल न्याय कायद्याच्या ७५व्या कलमाखाली गुन्हा आहे.

आज रात्री जेवण झाल्यावर आईला किंवा बाबांना हे पत्र दाखव. तोंडाने सांगायला जमत नसेल तर नुसतं हातात दे. पोटऱ्यांवर वळ असतील तर फोटो काढून ठेव. घरी कुणाला सांगणं शक्य नसेल तर १०९८ लाव, तो मुलांसाठीचा मोफत क्रमांक आहे, दिवसरात्र चालू असतो. वर्गातल्या दुसऱ्या कुणाला मार बसत असेल तर त्यालाही हे सांग. तू एकटा नसणार.

यंदाची जिल्हा स्पर्धा कदाचित हुकेल. ती दरवर्षी असते. ऐरोलीतून वाशीला किंवा ठाण्याला दहा-वीस मिनिटांत पोचता येतं. नव्या वर्गात आधी एक दिवस नुसतं बघायला जा. तिथली लहान मुलं सरांना प्रश्न विचारताना अंग चोरतात का, एवढं बघ. न चोरता विचारत असतील तर नाव घाल. आणि नवे सर जुन्या सरांचं पत्र किंवा परवानगी आणायला सांगत असतील, तर बाबांना बोलायला ने, तू एकटा जाऊ नकोस.

*

माझं वय ५४. मुलगा बंगलोरला, मिस्टर निवृत्तीला आलेत. मला मनापासून काहीतरी शिकायचंय, आणि खालच्या बागेत कराटेच्या मुली बघून वाटतं, हेच. घरचे हसतात. गुडघे थोडे कुरकुरतात. या वयात सुरू करता येईल का?
— एक वाचक, कोपरखैरणे

येईल. फुनाकोशी १९२२ साली ओकिनावाहून टोकियोला प्रात्यक्षिकाला गेले तेव्हा ५३ वर्षांचे होते. शिक्षकाची नोकरी करून झालेली, कुटुंब मागे राहिलेलं. तिथे ते एका वसतिगृहात राहिले, आवार झाडायचे, पहाऱ्याचं काम करायचे आणि उरलेल्या वेळात शिकवायचे. आज जगभर जे शोतोकान चालतं ते त्या वयानंतर उभं राहिलं. तुमच्या घरच्यांना हे वाचून दाखवा.

आता कामाचं. आधी डॉक्टरकडे जाऊन रक्तदाब, साखर आणि गुडघे दाखवून घ्या. पाळी थांबून काही वर्षं झाली असतील तर हाडांच्या ठिसूळपणाबद्दल मुद्दाम विचारा. त्यावर तुम्हाला पडण्याचा सराव कितपत करता येईल ते ठरेल. गुडघ्यांवर बसणं दुखत असेल तर सरांना पहिल्याच दिवशी सांगून उभ्या राहा, किंवा खुर्ची मागा. त्यात मान कमी होत नाही. उड्या आणि उंच लाथा विसरा, कंबरेखालची लाथ पुरते. काता मात्र भरपूर करा. एकटीने घरातल्या हॉलमध्येही करता येतो, आणि लक्षात ठेवायला डोकं लागतं.

ज्युदोत पहिली शिकवण पडण्याची असते: हनुवटी छातीला, पाठ गोल, हाताचा पंजा मॅटवर आपटून धक्का पसरवायचा. डॉक्टर हो म्हणाले तर हे बसल्या जागेवरून, मॅटवर, शिकवायला सांगा. पावसात सोसायटीच्या ओल्या जिन्यावर जी भीती वाटते ना, ती यातून बरीच कमी होते.

गी, म्हणजे कराटेचा गणवेश, लगेच घेऊ नका. पहिले दोन महिने सुती टी-शर्ट आणि ट्रॅक पँट चालते. घेतलीत तर हलक्या कापडाची घ्या, जाड कॅनव्हासची गी जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे चार दिवस वाळत नाही आणि मग कुबट वास जात नाही. नखं कापा. बांगड्या घरी ठेवा. मंगळसूत्राचं बायका मला हळूच विचारतात. जोडीकामात कुणाचं बोट अडकलं तर मान आणि बोट दोन्ही दुखावतात, म्हणून काढून ठेवणंच बरं. मनाला नकोच वाटत असेल तर त्या वेळी काता करा, तसं सरांना सांगा.

आणि तुमची जोडीदार बहुतेक दहा-बारा वर्षांची मुलगी असेल. तिला तिचं काम तुमच्यापेक्षा जास्त येत असेल. तिने कोपर दुरुस्त केलं तर करू द्या, आणि तिचा ठोसा नीट थांबला की तिला तसं सांगा. कोपरखैरण्यातल्या बागेतला वर्ग पाऊस पडला की बंद होतो, म्हणून जूनमध्येच जवळच्या एखाद्या शाळेच्या सभागृहातला किंवा समाजमंदिरातला वर्ग गाठा. बायकांची वेगळी बॅच आहे का विचारा. नसेल तर सगळ्यांसोबतच उभ्या राहा.